'दी एन्ड'नंतरचं रीळ

ऋचा आणि निषाद,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी एकाच फोनला डोकी लावून मला पकडलंत. "आजी, तू आम्हाला चुकीचा शेवट सांगितलास!" निषाद तर एवढा हसत होता की त्याला ठसका लागला. मी "बघते, बघते" म्हणून फोन ठेवला. मग तुम्ही पाठवलेला तो सिनेमा पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला. आणि आता हे लिहायला बसले आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मला पसारा आवडत नाही. उभा जन्म पोरांना इंग्रजी शिकवलं आणि निबंधाला आरंभ, मध्य आणि शेवट असलाच पाहिजे असं दरवर्षी फळ्यावर लिहिलं. या गोष्टीत मध्य कुठे संपतो आणि शेवट कुठे लागतो, हेच मला सांगता येत नाही. तरी लिहिते, कारण ती ज्या दिवसांतली आहे तेच दिवस देवळीत पुन्हा आले आहेत.

कापूस वेचणीचे दिवस. सकाळी दार उघडलं की रस्त्यावर पांढरे पुंजके पडलेले दिसतात, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून गळलेले. बाभळीच्या काट्यांना अडकतात, कुत्र्यांच्या पाठीवर बसतात. पऱ्हाट्या वाळून तांबूस झाल्या आहेत आणि मधल्या ओळींतली तूर अजून हिरवी आहे. हवेत सरकीचा कोरडा, किंचित तेलकट वास असतो. तो नाकात गेला की मी अठरा वर्षांची होते. की एकोणीस? हे तरी मला नीट सांगता यायला हवं. एकाहत्तरच्या लढाईचा हिवाळा होता, म्हणजे एकोणीसच.

त्या वर्षी पहिल्या वेच्याआधी मायनं, म्हणजे माझ्या आईनं, नेहमीसारखी सीतादही केली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दहीभात ठेवायचा, पऱ्हाटीला हळदकुंकू वाहायचं, मग पहिलं बोंड तोडायचं. पहिलं बोंड तोडायचा मान माझ्या मोठ्या बहिणीचा, तुमच्या शांताआजीचा. मी तिला ताई म्हणते. वेचताना ती कमरेला लुगड्याची ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी दोन झाडं एकदम वेचायची. माझं एक झाड होईपर्यंत तिची ओळ संपलेली असायची. वाळलेल्या बोंडाची टोकं माझ्या बोटांना टोचत. तिची बोटं टणक होती. विणकामाच्या सुयाही ती त्याच बोटांनी चालवायची.

विणकाम त्या वर्षी अख्ख्या गावाला लागलं होतं. लढाई पेटायच्या आधीपासूनच सैनिकांसाठी स्वेटर विणायचे चालले होते. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई हिरवट खाकी लोकरीच्या गुंड्या वाटत आणि शनिवारी स्वेटर जमा करत. शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओपुढे पुरुषांची गर्दी. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद. एसटीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. पूर्वेकडे जाणाऱ्या मालगाड्या ताडपत्रीखाली काय नेतात, यावर बाबा आणि शेजारी तासन्‌तास बोलत, आणि दोघांनाही काही माहीत नसे.

शनिवारी स्वेटर न्यायला पुलगावच्या फौजेच्या डेपोतून एक हवालदार जीप घेऊन यायचा. त्याचं नाव वर्गीस. केरळचा, ख्रिस्ती, उंच, सावळा. त्याचं हिंदी आमच्या हिंदीपेक्षाही वाईट होतं, पण इंग्रजी मात्र स्वच्छ. एका शनिवारी त्याने मोठ्या बाईंकडे इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी दिली. बाईंनी ती माझ्या हाती ठेवली, कारण स्वेटर आमच्या घरचा होता. लिहिलं होतं की स्वेटर फार उबदार आहे, परंतु त्याचा गळा आमच्या तुकडीतल्या एकाही माणसाच्या डोक्यातून खाली जात नाही, तरी विणणाऱ्या भगिनीने राग मानू नये.

मी ती चिठ्ठी ताईला मराठीत वाचून दाखवली. ती एवढी हसली की हातातली सुई पडली. "त्याईचे डोके मोठे असतीन, त्याले मी काय करू? लिही त्याले, तुह्या डोक्याचं माप पाठव म्हणा."

मी लिहिलं. माप आलं. एका दोऱ्याला गाठ मारून त्याने माप पाठवलं होतं.

मग चिठ्ठ्यांची पत्रं झाली. त्याची पत्रं इंग्रजीत. मी वाचायची, ताई ऐकायची, ती बोलायची, मी लिहायची. वेचणीच्या ओळीत माय पुढे गेली की मी ओच्यातून कागद काढून हळू आवाजात वाचायची. त्याच्या घराभोवती पाणी आहे, बाजारालासुद्धा होडीने जावं लागतं, असं त्याने लिहिलं होतं. "घराभवती पानी म्हंजे, पूर आला का?" ताईने विचारलं. मी म्हटलं, नेहमीच असतं. ती म्हणाली, "मंग वाळवण कुठी घालत असतीन?" मी तेही लिहिलं. त्याने उत्तर दिलं, त्याची आई वाळवण कौलांवर घालते, आणि तिच्याविषयी असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

आता सांगते ते नीट ऐका, कारण माझा गोंधळ इथूनच सुरू होतो. बाबांनी मला वर्ध्याच्या कॉलेजात घातलं होतं ते भावकीशी भांडून. भावकी म्हणायची, "पोरगी इंग्रजी शिकली का हातची गेली." बाबा म्हणायचे, "गेली तं पाहू." आता विचार करा, हातची गेली असती ती न शिकलेली मुलगी, तीही एका परप्रांतातल्या, परधर्मातल्या फौजीबरोबर, आणि मधली वाट झाली असती माझी इंग्रजी. बाबांनी पुन्हा कोणत्या तोंडाने भावकीशी भांडायचं? माझा बसचा पास त्याच दिवशी बंद झाला असता. हे मला माहीत होतं. पत्रं वाचताना मी हा विचार करत होते का? करत असणार. ताईच्या तोंडावरचा आनंदही पाहत होते. दोन्ही खरं आहे.

लढाईची बातमी आली त्याच आठवड्यात त्याचं पत्र आलं. तुकडी पूर्वेकडे निघणार होती. त्याने विचारलं होतं, परत आलो तर तुमच्या वडिलांना भेटायला येऊ का? उत्तर पुढच्या शनिवारी हवं होतं. ताई त्या वेळी दुसरा स्वेटर विणत होती, त्याच्या मापाचा, मोठ्या गळ्याचा. तिने सुया खाली ठेवल्या नाहीत. "सांगतो," एवढंच म्हणाली.

आणि मध्ये रविवार आला. त्या रविवारी वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये सकाळी दहाला सैनिकांच्या मदतीसाठी इंग्रजी सिनेमाचा खेळ होता. विणणाऱ्या बायकांना मोठ्या बाईंनी पास दिले. देवळीहून आम्ही बसभर बायका निघालो, डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. माझ्याखेरीज इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. "बेबी हाय ना," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बेबी म्हणजे मी.

मला ओळीच्या मधोमध बसवलं. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला ताई. मायच्या पलीकडे पार्वतीकाकू, ज्यांच्या वाडीतली वांगी आणि मेथी साऱ्या गावात जायची. मी हळूच मराठीत सांगायचं आणि ते ओळीच्या दोन्ही टोकांना जायचं. पार्वतीकाकू मात्र मोठ्याने विचारायच्या.

सिनेमा तुम्ही पाहिलाच आहे. परक्या फौजेने ताब्यात घेतलेलं नदीकाठचं गाव, नावाड्याची मुलगी आणि शत्रूच्या फौजेतला तो सैनिक. त्याला तिची भाषा येत नाही आणि ती एकेका वस्तूवर बोट ठेवून त्याला शब्द शिकवते. भाकर, वल्हं, पाऊस. ताई तिथे पुढे सरकून बसली. तो मुलीच्या तोंडाजवळ तोंड नेतो तेव्हा साऱ्या ओळीने पदर डोळ्यांवर घेतले.

"काय करून राह्यला तो?" पार्वतीकाकूंनी पदराआडून विचारलं.

"निरोप सांगून राह्यला तिच्या कानात," मी म्हटलं.

"कानात? अवं, कान तं तिकडं राहाते."

माय हसली. मायला तोंडावर हात न ठेवता हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

मग पुढचं. मुलीचे केस गावातल्या बायका शिक्षा म्हणून कापतात. आणि ती तशीच, कापलेल्या केसांनी, नदी ओलांडून त्याच्याकडे जाते. होडीत दोघं. पाणी. पडद्यावर मोठी अक्षरं आली. लोक उठले, चपला शोधू लागले. दिवे मात्र लागले नाहीत. पडदा तसाच उजळ राहिला, आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला.

मायने मला विचारलं, "काय लिहिलं होतं वो ते?"

मी म्हटलं, "मध्यंतर."

मध्यंतर आधी होऊन गेलं होतं. आम्ही भाकरी त्यातच खाल्ली होती.

पुढच्या रिळात ती मुलगी काठावर उभी होती, डोक्याला पांढरा रुमाल, रुमालाखाली लांब वेणी. सैनिक एकटाच होडीत होता. ती त्याला "जा" म्हणते. होडी जाते. ती वळून आपल्या बापाच्या घरात जाते. तेवढ्यात एकदम दिवे लागले.

"आताच तं केस कापले होते," पार्वतीकाकू म्हणाल्या, "लगेच वाढले?"

"मधी वर्षं गेली," मी सांगितलं. "ती त्याच्यासंगं गेली होती. मंग परत आली. मायबापाकडं. आता ती जात नाई."

ओळीत सगळ्यांनी मान हलवली. कोणी म्हणालं, बरं झालं. हाच शेवट मी तुम्हाला सांगत आले, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर तुम्ही कलिंगड खात असताना.

आता सिनेमा पुन्हा पाहिल्यावर कळतं की टॉकीजवाल्याच्या हातून रिळं उलटीसुलटी लागली. जे शेवटून दुसरं, ते त्याने शेवटी लावलं. काठावरचा निरोप आधी, मग केस कापणं, मग होडी. ती जाते, आणि तिथेच गोष्ट संपते. ऋचा, तू म्हणशील, "आजी, टॉकीजवाल्याची चूक, तुझी काय?" हो. पण मला इंग्रजी येत होतं. 'दी एन्ड' हे दोन शब्द मी वाचले होते. तरी मध्यंतर म्हटलं. ते मी गोंधळून म्हटलं की समजून? गेले आठ दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे. कधी वाटतं, लोक उठून पुन्हा बसले, अंधार होता, एकोणीस वर्षांच्या मुलीला काय सुचणार. आणि कधी आठवतं की तो शब्द फार पटकन आला होता, तोंडात तयार असल्यासारखा. हे आठवणं खरं आहे की सिनेमा पुन्हा पाहिल्यामुळे मी ते आता बनवते आहे, तेही सांगता येत नाही. केसांचं उत्तर मात्र मी विचार करून दिलं होतं. "मधी वर्षं गेली." ते कोणी माझ्याकडून बोलवून घेतलं नव्हतं.

सोमवारी शेतात ताईने ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "लिही त्याले. नको येजो म्हण."

मी विचारलं, "काऊन?"

"लिही ना."

मी लिहिलं. समास सोडून, स्वच्छ अक्षरात, चुकीविना. शनिवारी पत्र गेलं. पुढच्या शनिवारी जीपबरोबर दुसराच माणूस आला. वर्गीसचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही. लढाई संपली, खिडक्यांचे कागद निघाले, मी बी.ए. झाले. ताईचं लग्न केळझरकडच्या एका घरात झालं. भाजीपाल्याची वाडी, शांत नवरा, दोन मुलगे. ती सुखात नव्हती असं कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

काल मी बोरगाव मेघेला तिच्या मुलाकडे गेले. तुमचा सिनेमा असलेला टॅब पिशवीत होता. ताई ओट्यावर उन्हात मेथी निवडत बसली होती. गुडघे गेले आहेत, डोळे चांगले आहेत. मी टॅब तिच्यापुढे पाटावर उभा केला. तिने सगळा सिनेमा मेथी निवडता निवडता पाहिला. केस कापल्यावर म्हणाली, "पार्वतीकाकू बराबर होती, पाह्य." होडी दिसली. अक्षरं आली. या वेळी त्यांच्यानंतर काही आलं नाही.

मला वाटलं होतं, ती दचकेल. ती काड्या एका बाजूला करत राहिली.

"ताई," मी म्हटलं, "मी तवा मध्यंतर म्हटलं होतं."

"हो."

"तुले आठवते?"

"आठवते ना. अवं, ते अक्षर कोणाले नाई समजत? जत्रेतल्या तंबूत आपण दरसाली सिनेमे पाहत होतो. सगळ्याईच्या शेवटी तेच येते. ते आलं का उठाचं, चपला पाहाच्या."

एवढी वर्षं मी समजत होते की त्या ओळीत वाचता येणारी मी एकटीच होते. त्या अक्षरांसाठी इंग्रजी लागतच नव्हतं. ती अक्षरं चित्रासारखी साऱ्या गावाला पाठ होती.

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू एवढ्या घाईनं बोलली. मले वाटलं, हिले काई गरज असन."

"म्हंजे माह्यामुळं तू त्याले नाई म्हटलं?"

"येडी का तू? सिनेमा पाहून कोणी लगन मोडते का?" ती मेथीची जुडी झटकत म्हणाली.

"मंग काऊन?"

तिने खरंच विचार केला. "त्याच्या घराभवती पानी होतं. मले पोहता कुठी येते?" आणि हसली. ती थट्टा होती की उत्तर, हे मला समजलं नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "आता काय मालूम. त्या टायमाले मालूम होतं." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडली. "तू शिकोली, तं सगळ्याचं उत्तर पायजे तुले. मेथी घेऊन जाजो जाताना."

शिकोली म्हणजे शिकलेली. लहानपणी ती मला चिडवायला हाच शब्द वापरायची.

निघताना ती भिंतीला धरून फाटकापर्यंत आली. मी ऑटोत बसले, पिशवी मांडीवर घेतली, तेव्हा म्हणाली, "मायले बी ते अक्षर ओळखू येत होतं. मायनंच तं आपल्याले चपला पायात घालाले सांगितलं होतं. मंग तिनं तुले विचारलं कायले?"

ऑटो सुटला. देवळीच्या बसमध्ये खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे जात होती, पांढरी, पुन्हा तूर, पुन्हा पांढरी, आणि मी तो एकच क्षण उलटसुलट लावून पाहत होते. मायने चपला घातल्या. मायने विचारलं. मी मध्यंतर म्हटलं. माय पुन्हा बसली. तिला पत्रांचं कळलं होतं का? माझ्याकडून तिला जे हवं होतं तेच मी बोलले का? की मी काय बोलते ते तिला नुसतं पाहायचं होतं? आणि ताई, एका बाजूला बसून, दोघींना ओळखून गप्प राहिली, ती कोणासाठी? माझ्या कॉलेजसाठी, मायसाठी, की पाण्याच्या भीतीने? तिघींनी मिळून तो शब्द ठरवला असं म्हणावं, तर तिघींपैकी कोणीच दुसरीला काही सांगितलं नव्हतं. माय तर आता नाही. मी खूप वर्षं एक ओझं वाहिलं असं म्हणू, तर तेही खोटं. मी ते विसरले होते, तुम्ही हसलात म्हणून आठवलं. आता ओझं माझं आहे की नाही, हे विचारायला ज्या घरी जाता येतं, तिथून मी मेथी घेऊन परत आले आहे.

एक सांगायचं राहिलं. मेथी बांधायला दोरी हवी होती म्हणून ताईने मला आतल्या लोखंडी कपाटाकडे पाठवलं होतं. खालच्या कप्प्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तो दुसरा स्वेटर होता, वर्गीसच्या मापाचा. तो तिने पाठवलाच नव्हता. एक बाही उसवून तिने पहिल्या मुलाची टोपी विणली होती. ती टोपी केव्हाच हरवली. स्वेटर आहे. लोकरीला कसर लागलेली नाही, रंग थोडा उडाला आहे. मी तो घालून पाहिला. गळा मोठा आहे, डोक्यातून सहज गेला.